वाकळीत देवीच्या प्रसादाची साडी घालावी का? (आणि मधला फुगा कसा काढावा?)

शिरोलीचा टर्नर

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, एक देवाचा आणि एक शिवणाचा.

मी शिरोली एमआयडीसीत टर्नर होतो. रिटायर झाल्यावर सकाळ रंकाळ्यावर फिरण्यात जाते, पण दुपार काही केल्या सरत नाही. टीव्हीवरच्या चर्चा ऐकून बीपी वाढतं. अशात पुण्याची लेक म्हणाली, "पप्पा, आजीच्या लुगड्यांची एक वाकळ पाहिजे. विकतची नको." आईनं पंच्याऐंशी ओलांडलीय, हाताला कंप आहे. आमच्या हिला गुडघ्यांमुळं खाली बसवत नाही. सूनबाई शाळेत शिकवते, तिला वेळ नाही. उरलो मी. चाळीस वर्षं लोखंड कापलं, कापडाला काय भ्यायचं, म्हणून बसलो सोप्यात सुई-दोरा घेऊन.

आईनं ट्रंक उघडून दिली. त्यात दोन इरकली नऊवारी, एक चौकड्याचं पातळ, वडिलांचा फेटा आणि तळाशी मलमलीत गुंडाळलेली एक हिरवी साडी, लाल काठाची. ही अंबाबाईची. १९८४ साली मी कंपनीत कायम झालो तेव्हा आईनं देवीची ओटी भरली होती, त्यावेळी पुजाऱ्यांनी देवीला नेसवलेली साडी तिच्या हातावर ठेवली. त्यानंतर कितीतरी वर्षं शुक्रवारी आई तीच नेसायची. आता घडीवर विरलीय. नेसायला घेतली की फाटते, म्हणून तशीच पडून आहे.

आई म्हणते, "घाल की वाकळीत. ट्रंकेत कसर खाण्यापरास पोरीच्या अंगावर तरी जाईल."

आमची ही म्हणते, "देवीच्या साडीला पाय लागणार? ह्या घरात वाकळ पसरून पोरं त्यावर बसून रविवारी रस्सा ओरपतात. मला चालणार नाही."

दोघींचंही बरोबर वाटतं आणि दोघींमधे बसायचं धाडस माझ्यात नाही. जाणत्यांनी सांगावं.

आता शिवणाचा प्रश्न. खाली मांजरपाट, वर लुगड्यांचे चार थर. गुण्या लावून कोपरे बघितले, दोन्ही कर्ण मोजले, सुताचाही फरक नाही. कडेकडेनं धावदोरा घालत चौकोनी फेऱ्या मारत आत चाललोय. टाका दोन सुताचा धरलाय. पण जसजसा आत जातोय तसतसा मधे कापडाचा फुगा साठतोय. पुढं तर चुणीच पडणार. माप बरोबर असून असं का होतंय?

---

माई गडहिंग्लज

भाऊ, आधी फुग्याचं सांगते.

कडेनं शिवत आत जायचं हे बरोबरच आहे. पण त्याआधी कच्चे टाके घालावे लागतात, आणि ते मधनं बाहेर. वाकळ जमिनीवर अंथरायची, मधोमध तळहात ठेवायचा आणि चारी बाजूंना नि चारी कोपऱ्यांना हातानं कापड सारत न्यायचं. जिथनं हात गेला तिथं वितीएवढे लांब कच्चे टाके. आठ दिशांना झाले की मधे आणखी घालायचे, हाताचा पंजा कुठंही ठेवला तर त्याखाली एक तरी टाका यायला पाहिजे. मग कडेनं पक्की शिवण सुरू करायची. तुम्ही हे केलं नाही म्हणून वरचा थर सुईबरोबर आत सरकतोय. लोखंड एका जागी पकडून ठेवता येतं, कापड सरकतं.

झालेल्या फेऱ्या उसवा. वाईट वाटेल पण उसवा.

दुसरं म्हणजे चार थर आणि मांजरपाट पुण्याला पुरे. आणखी काही घालू नका, जड झाली की धुणारी बाई शिव्या देते. आमच्याकडं नवरात्राच्या आधी सगळं अंथरूण-पांघरूण नदीला जातं, तेव्हा कळतं कुणाची वाकळ किती जड ते. ओली वाकळ पिळायला दोन बाया लागतात, सात थराची असली तर तिसरी हाक मारून बोलवावी लागते.

इरकलीचा टोप पदर कापून बाजूला ठेवा. तो सुती नसतो, बाकीच्याबरोबर आटत नाही, मग तिथं कायमची चुणी राहते. दोऱ्यावर मेण फिरवा. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गाठी होतात. आणि अंगुस्तान घाला, पुरुषांना वाटतं आपलं बोट टणक आहे.

देवीच्या साडीचं माझं मत नंतर लिहिते. त्याआधी एक सांगा, ती सुती आहे का? की जरीची, चमकणारी?

---

पेठेतला जुना माणूस

देवीचं वस्त्र अंथरुणात घालू नये. विरलं असेल तर नारळ ठेवून पंचगंगेत सोडावं. आमच्या घरी हीच पद्धत. सोवळ्या-ओवळ्याचं भान राहिलं नाही हल्ली.

---

घाटावरचा

वरच्या काकांना नम्र विनंती, कृपा करून नदीत काही सोडू नका. मी रोज पहाटे पंचगंगा घाटावर असतो. कोल्हापुरात गणपती आणि निर्माल्य दान करायला लोकांना तयार करता करता कार्यकर्त्यांची किती वर्षं गेली, तुम्हाला माहीत असेलच. साडी विरघळत नाही. ती बंधाऱ्याच्या प्लेटांना नाहीतर जलपर्णीला अडकते. अशा किती साड्या आम्ही बांबूनं ओढून काढल्यात. काठावर चिखलात पडलेला देवीचा पदर बघितला की वाकळ शंभर पटीनं बरी वाटेल.

---

स्वस्तात मस्त

एवढं काय त्यात? मस्त मऊ ब्लँकेट मिळतात बाजारात, धुवायला हलकी. साडी देव्हाऱ्यात ठेवा आणि विषय संपवा.

---

देवळामागची

मी महाद्वाराच्या आसपासच राहते, लहानपणापासून देवीच्या साड्यांचा व्यवहार बघते आहे, म्हणून लिहिते.

देवीला भाविकांकडून इतक्या साड्या येतात की त्या सगळ्या देवळात ठेवणं शक्यच नाही. म्हणून त्या प्रसाद म्हणून परत भाविकांकडंच जातात, देवस्थान समितीकडून विकतही मिळतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांकडं प्रसादाची साडी आहे. त्या नेसून आम्ही हळदी-कुंकवाला जातो, जेवायला बसतो, पुरण वाटतो, घामेजतो. बसताना ती साडी खालीच येते ना? तिच्या निऱ्यांना आपलेच पाय लागतात. मग नेसलेली चालते आणि पांघरलेली का चालू नये, हे मला तरी कळत नाही.

पण काकू म्हणतात तेही मी टाकून देणार नाही. नेसताना आपण ती सांभाळतो, अंथरूण कोण सांभाळतं? पोरं वाकळीवर उड्या मारतात, कुणाच्या घरी कुत्रं बसतं.

माझं सुचवणं असं की आख्खी साडी आत भरू नका. फक्त काठ काढा आणि वाकळीच्या उशाकडच्या बाजूला पट्टी लावा. काठ दिसला की ती डोक्याची बाजू, मग पाय तिकडं जाणारच नाहीत. उरलेल्या साडीतलं जे धड असेल त्याचं देव्हाऱ्याला आसन, गौरीच्या मागं पडदा. नात असेल तर नवरात्रात कुमारिका पूजनाला परकर-पोलकं होईल.

---

दिंडीतला

मला शिवणातलं काही कळत नाही, पण इथं वाकळीचं निघालंय म्हणून राहवलं नाही.

जनाबाईची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पांडुरंग जनीला दळू लागायचा. एकदा पहाट झाली, काकड आरतीची वेळ झाली, घाईत देव स्वतःचा शेला जनीकडं विसरला आणि तिची वाकळ अंगावर घेऊन राऊळात उभा राहिला. पुजाऱ्यांनी दार उघडून बघितलं तर देवाच्या अंगावर ठिगळाची वाकळ! वर गळ्यातलं पदकही जनीकडंच राहिलेलं, म्हणून चोरीचा आळ तिच्यावर आला. पंढरपूरला गेलात तर गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात, आमची दिंडी तिथं दरवर्षी जाते.

मी कीर्तनात ही गोष्ट ऐकली की मला आळाचा भाग तेवढा आठवत नाही. देव त्या वाकळीत ऊबदार झाला असेल का, हेच मनात येतं. बायकांनी दिवसभर राबून अंगाखालची लुगडी जोडून केलेली ती वस्तू. देवाला तिचा विटाळ झाला नाही. मग देवीच्या पदराला आपल्या वाकळीचा होईल म्हणून कशाला घाबरायचं?

अर्थात घरातल्या लक्ष्मीचं मन मोडून काही करू नका. त्यात पुण्य नाही.

---

शिरोलीचा टर्नर

सगळ्यांचे आभार. सगळं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आईला कानाला कमी येतं, त्यामुळं जनाबाईची गोष्ट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा ती मलाच पुढची सांगायला लागली.

माई, कच्च्या टाक्यांचं पटलं. लेथवर जॉब चकात पकडल्याशिवाय टूल लावत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको होतं. सगळं उसवलं. उसवायला नात होती मदतीला, तिला ते काम शिवण्यापेक्षा फार आवडलं. आता मधनं बाहेर कच्चे टाके घातलेत. आई खुर्चीत बसून काठीनं दाखवते, "हितं मोकळं राहिलंय." मोतीबिंदू काढल्यापासून सुईचं नेढं माझ्याआधी तिला दिसतं. हात थरथरतो म्हणून दोरा मला ओवावा लागतो, पण नेढं कुठं आहे ते ती सांगते.

साडीचं विचारलंत. सुती नाही. आर्टसिल्क म्हणतात तसली, काठाला जर. हिनं वास घेऊन सांगितलं, "ही धुतलेलीच नाही कधी." आई म्हणाली, "देवीच्या अंगावरची साडी कोण धुतंय!" सावलीत वाळवायची, उदाचा धूर द्यायचा, घडी घालायची, एवढंच. त्यामुळं उलगडली की अजून कापराचा नि बुक्क्याचा वास येतो. हिरवा रंगही पहिल्यासारखाच. विरलीय ती फक्त घडीच्या रेषांवर, तिथं बोट लावलं की आरपार जातं. काठ मात्र शाबूत आहे.

पेठेतल्या काकांचा मी मान राखतो. पण नदीत सोडणार नाही. घाटावरच्या भावानं लिहिलेलं वाचून ही स्वतःच म्हणाली, "चिखलात नको बाई."

ब्लँकेटवाल्यांना एवढंच सांगतो की आमच्याकडं तीन आहेत. एक कुत्र्याला दिलंय.

फेट्याचं लिहायचं राहिलं. तो वडिलांचा. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या यात्रेत आमच्या भावकीच्या सासनकाठीला ते जायचे. काठी नाचवताना वरून गुलाल-खोबऱ्याचा पाऊस, माणसं ओळखू येत नाहीत, फक्त डोळे नि दात दिसतात. घरी आले की आई त्यांना दारातच उभं करायची, तांब्यानं पाणी ओतायची आणि गटार गल्लीच्या टोकापर्यंत गुलाबी व्हायची. फेटा मूळचा पांढरा. किती धुतला तरी घड्यांच्या आतल्या बाजूला गुलाल राहिलाच आहे, एखाद्या ठिकाणी तर नखानं खरवडला तर अजून बोटाला लागेल. माई, तुम्ही थर वाढवू नका म्हणालात, पण हा मी घालणार. लुगड्याचा एक थर कमी करतो आणि त्या जागी हा. आत राहील, कुणाला दिसणार नाही. त्याच्याबद्दल पाय लागतील वगैरे कुणी म्हणालं नाही बघा. जोतिबाचा गुलाल चालतो आणि देवीची साडी चालत नाही, असं मी हिला म्हणालो तर ती म्हणाली, "गुलाल सगळ्या रस्त्यावर पडतोच की, त्यावरनंच चालता तुम्ही." ह्याला उत्तर सुचलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. देवळामागच्या ताई म्हणतात तसा फक्त काठ, उशाकडं. आईचं म्हणणं पदराचा पण एक तुकडा पाहिजे. हिची अट एकच, ही वाकळ पांघरायची, अंथरायची नाही, आणि हे लेकीला व्हिडिओ कॉलवर स्वतः सांगणार. सांगितलं. लेक म्हणाली, "मम्मी, नियमावली पण शिवून दे कोपऱ्यात." मग दोघी अर्धा तास काहीतरी बोलत बसल्या, वाकळीवर नक्कीच नव्हे.

नातीला परकर-पोलकं विचारलं. नको म्हणाली. लेहंगा पाहिजे म्हणे. देवीच्या साडीचा लेहंगा ह्यावर मी इथं प्रश्न टाकणार नाही.

आता अडचण ही की काठ आर्टसिल्कचा आणि जरीचा, बाकी सगळं सुती. माई, तुम्हीच म्हणालात की आटण्यात फरक पडतो. मग काय करावं?

---

माई गडहिंग्लज

काठ सगळ्यात शेवटी आणि वरनं लावायचा, आतल्या थरांबरोबर शिवायचा नाही. आख्खी वाकळ शिवून झाली की एकदा पाण्यातनं काढा, वाळवा, जे आटायचं ते आटून घेऊ दे. मग काठ लावा. त्याच्या पाठीला मऊ सुती कापडाची पट्टी द्या म्हणजे जर टोचणार नाही. गालाला लागणारी बाजू आहे ती, हे विसरू नका. दोन्ही कडांना उभे बारीक टाके, धावदोरा नाही. पुढंमागं काठ विरला तर बाकी वाकळीला धक्का न लावता काढता येईल.

काठ आधी पाण्यात बुडवून बघा. कधीच धुतलेली नाही म्हणता, तर लाल रंग सुटणार म्हणजे सुटणार. पांढऱ्या फडक्यावर ओला तुकडा दाबून ठेवा, रंग लागला तर मिठाच्या थंड पाण्यातनं काढा, लागायचा थांबेपर्यंत. नाहीतर लेकीच्या उशीचे अभ्रे लाल होतील आणि फोन तुम्हाला येईल.

आणि एक आमच्याकडची गोष्ट. वाकळीचं पोट उपाशी ठेवत नाहीत. शेवटची फेरी मधे येऊन संपते, तिथं बोटभर तोंड उघडं ठेवायचं, आमच्या आत्याबाई त्यात चपातीचा बारका तुकडा घालायच्या आणि मग तोंड बंद करायच्या. मुंग्या लागायच्या म्हणून मी आता जोंधळ्याचे दोन-चार दाणे घालते. आधी हळदी-कुंकू लावते. तुमच्याकडं असेल तर आईंना विचारा.

---

देवळामागची

पदराचा तुकडा लावणार असाल तर त्याला बॉर्डरसारखी आडवी पट्टी करू नका, चौकोन करा आणि मधोमध ठेवा. मोराचा पदर असेल तर मोर सरळ यायला पाहिजे, उलटा मोर आला की आयुष्यभर डोळ्याला खुपतो. सांगते अनुभवानं, आमच्या घरच्या उशीवर आहे तसा.

---

शिरोलीचा टर्नर

मोर नाही, कुयऱ्या आहेत. कुयरीचं टोक कुठं करायचं ह्यावर आई आणि ही, दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालंय, म्हणून मी काहीच बोलत नाही.

आईला पोटाचं विचारलं. "व्हय की, आमच्यात पण घालायच्या. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?" मला कोण सांगणार होतं, मी तेव्हा गल्लीत गोट्या खेळत असणार. जोंधळे घरात आहेतच, फक्त ती म्हणते पाच दाणे घाल. पाचच का, ते तिलाही माहीत नाही.

काठ भिजवून बघितला. लाल पाणी. पाण्याचा तो रंग बघून आईनं हात जोडले, ही मिठाचा डबा आणायला गेली.

---

राजारामपुरी १०वी गल्ली

काका, ऑर्डर घेता का? आमच्या सासूबाईंची आठ-दहा लुगडी पडून आहेत. जे होतील ते पैसे देऊ.

---

शिरोलीचा टर्नर

ऑर्डर नाही घेत ताई. आमच्या सोप्यात जागा आहे, मोठी सतरंजी आहे, शिकवायला आई आहे. लुगडी, सुई आणि स्वतःचं अंगुस्तान घेऊन या. तीननंतर या, त्याआधी मी झोपलेला असतो.